सव्वादोनचा हात

वैशाख होता. वऱ्हाडातला वैशाख. आकाशाचा निळा रंग विरून गेलेला, दिशादिशांना पांढुरकी झळाळी आलेली, आणि उंच भिंतीपलीकडच्या गुलमोहरावर ज्वालावर्ण, शेंदूरवर्ण, रक्तवर्ण फुलांची रास पेटलेली. तो गुलमोहर आतून पूर्ण कधी दिसत नसे. पाण्याच्या टाकीपाशी टाचा उंचावून उभं राहिलं, तर त्याचा माथा तेवढा दिसे.

ऊन मात्र आत येई. झरोक्याच्या सात गजांनी चिरलेलं, आठ पट्ट्यांचं, पीतधवल, धूलिकणांनी नटलेलं ऊन. आधी भिंतीवर उतरे, मग खुंट्यांवरच्या लुगड्यांवर, मग बायकांच्या अंगांवरून हळूहळू सरके. कुणाच्या पाऊलभर, कुणाच्या पोटभर, कुणाच्या मिटल्या पापणीभर. रोज सकाळी ते आत येई आणि रोज संध्याकाळी सुटून जाई. त्याला जामीन लागत नसे.

जिल्ह्याच्या कारागृहातली ही बायकांची एकुलती एक बराक. बांधली ती चोवीस जणींसाठी, तसं दारावरच्या पाटीवर अजून लिहिलेलं होतं. आत होत्या त्र्याहत्तर. त्र्याहत्तर देह, त्र्याहत्तर निःश्वास, एक नळ, दोन संडास, आणि छताला एक पंखा. तो फिरतो की नुसता हलतो, यावर बायकांत दोन तट पडले होते.

उताणं झोपायची चैन तिथे कुणालाच नव्हती. एकीच्या पाठीला दुसरीचं पोट, एकीच्या उशाला दुसरीचे पाय. एकीने कूस बदलली की सगळ्या ओळीला बदलावी लागे. दुपारच्या बंदीत, बारा ते तीन कुलपाआड, ती ओळ अशी सळसळे, घामाने निथळे, पुन्हा निपचित होई. डाळीत भांड्याचा तळ दिसे. नळाला पाणी दोनदा येई, तेही करंगळीएवढ्या धारेने. आणि डोकं दुखो, पोट दुखो की नुसतं मन दुखो, दवाखान्यातून गोळी एकच येई. पांढरी, अर्धी मोडलेली.

त्या बराकीत पंचफुला होती. पंचफुला कासारीण.

अठ्ठावीस वर्षं ती सात गावं चालली होती. खांद्यावर काचेच्या बांगड्यांच्या माळा, डोक्यावर टोपली, आणि चालण्याच्या तालावर ती किणकिण, ती हरितनील, सुवर्णबिंदू, मोरपंखी किणकिण. ती गावात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरे. ज्या माजघरात परक्या पुरुषाला पाऊल टाकता येत नसे, तिथे पंचफुलेचं आसन असे. आणि म्हणूनच, एका मोठ्या घरातल्या पाटल्या नाहीशा झाल्या, तेव्हा बोट तिच्याकडे वळलं. त्याला तीन वर्षं झाली. तारखा पडत होत्या, साक्षीदार येत नव्हते. जामीन मंजूर झाला, पण हमी घेण्याच्या ऐपतीचा माणूस मिळाला नाही.

ज्या दिवशी ती आत आली, त्या दिवशी फाटकावरच्या झडतीत तिखेबाई होत्या. महिला शिपाई. आडनाव तिखे, आणि बाई आडनावाला जागणाऱ्या. पंचफुलेच्या हातांत डझनभर हिरवा चुडा होता, आणि काच आत न्यायची सोय नव्हती.

"फोड त्या बांगड्या," तिखेबाई म्हणाल्या.

"फोड म्हनू नाही बाई," पंचफुला अगदी साधेपणाने बोलून गेली. "वाढव म्हना. नवरा हाये माहा."

तिला वाटलं, बाई बाईला समजून घेईल. बांगडी फुटली असं भरल्या घरात कुणी उच्चारतं का? काच तुटते आणि जीभ म्हणते, वाढली. तेवढ्या एका शब्दाने तुटण्याचं दुःख पुसून टाकायचं, ही बायकांची जुनी युक्ती. उत्तरादाखल तिला एक सणसणीत चपराक बसली, आणि चुडा दगडावर काठीने ठेचला गेला. गालाचा वळ दोन दिवसांत गेला. शब्दाचा राहिला.

हात रिते झाले, पण हातांची विद्या कुणाला काढून घेता आली नाही. नवी बाई बराकीत आली, रडून रडून कोपऱ्यात बसली, की पंचफुला तिच्यापाशी सरके. काही विचारत नसे. नुसता तिचा हात हातात घेई, अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबे, बोटांचे पेर एकत्र जुळवून पाही आणि पुटपुटे, "दोन-सहा." किंवा, "अडीच, पन हाड मऊ हाये." तुरुंगात माणसाला नंबर मिळतो; पंचफुलेकडून मिळणारा नंबर निराळा होता, बांगडीच्या मापाचा. तो मिळाला की बाईचं रडणं थोडं थांबे. बहात्तर जणींचे बहात्तर हात तिला पाठ होते. अंधारात कुणाचा हात लागला तरी ती नाव सांगे.

अनसूचा हात होता सव्वादोनचा.

फाल्गुनात ती आली, तेव्हा तिला पाचवा महिना होता. वय एकोणीस. अंगाने काडी, डोळ्यांनी हरिणी, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला वाकावं लागे. गावात हातपंपावर भांडण झालं, काठ्या चालल्या, एक माणूस दगावला, आणि अनसूच्या सासरच्या सगळ्यांची नावं कागदावर चढली. नवरा आणि सासरा पुरुषांच्या बराकीत होते. शंभर पावलांवर. त्या शंभर पावलांत तीन भिंती होत्या.

पंचफुलेने तिला आपल्या शेजारी घेतलं. स्वतःच्या मुलीला घ्यावं तसं, असं म्हणता येणार नाही, कारण पंचफुलेला मूलबाळ नव्हतं. तिने तिला आपल्या पद्धतीने घेतलं. सकाळी हात हातात, दुपारी हात हातात, आणि पोटातलं पोर ढुशी मारू लागलं की अनसू तिचा हात ओढून पोटावर ठेवी. आजूबाजूला एकाहत्तर बायकांचा कलकलाट चाललेला असे, आणि त्या कलकलाटाच्या मधोमध त्या दोघी एका तिसऱ्याचं ऐकत असत.

सातवा लागला. सातव्यात माहेरी हिरवा चुडा भरतात, ओटी भरतात, गोडधोड करतात. अनसूचं माहेर दूर डोंगरपायथ्याला होतं, आणि भेटीला येऊन गेलेली तिची आई गजांपलीकडून रडण्यापलीकडे काही करू शकली नव्हती.

गिरजाआजी बराकीतली सगळ्यांत म्हातारी. तिच्या लुगड्याचा काठ हिरवा होता. तिने एका दुपारी तो दातांनी उसवला आणि पंचफुलेच्या मांडीवर टाकला.

मग पंचफुलेने आपली विद्या पणाला लावली. काठाच्या चिंध्या केल्या, चिंध्यांना पीळ दिला, पिळावर पीळ चढवला, भाताच्या पेजेत भिजवून त्या उन्हाच्या आठ पट्ट्यांत वाळवल्या. मोजायला सूत नव्हतं, पट्टी नव्हती. होती ती बोटांची स्मृती. दहा कडी झाली. कडक, गोल, हरितश्यामल. एकेक कडं बरोबर सव्वादोनचं.

"हात ढिला सोड माय," ती अनसूला म्हणाली.

करंगळी आत, अंगठा तळव्याला, हाडाला हलका दाब, आणि कडं सरकन मनगटावर. एक, दोन, तीन. बायका भोवती दाटल्या. कुणी ओव्या पुटपुटल्या, कुणी जेवणातला गूळ राखून ठेवला होता तो पुढे केला. दहावं कडं चढलं आणि अनसूने दोन्ही हात वर करून हलवले. सुताची कडी कशी वाजणार? तरी तिने कान लावून ऐकल्यासारखं केलं, आणि बराक खळखळून हसली. त्या दगडी छताखाली इतकं हसू एकदम कधी मावलं नव्हतं.

तिखेबाईंनी ती कडी पाहिली. "हे काय थेर?" म्हणून खेकसल्या. पण काच नको असं नियमात होतं, चिंधी नको असं नव्हतं. त्या कडी तशीच सोडून निघून गेल्या.

नऊ दिवस गेले.

गुरुवारची दुपार. बंदी लागलेली. बाहेर झळा नाचत होत्या, आत दगड तापून श्वास सोडत होता, आणि उन्हाची एक पट्टी अनसूच्या कपाळावर येऊन थांबली होती. अनसूने डोळे घट्ट मिटले.

"मावशे, डोकं फुटून राह्यलं माहं," ती म्हणाली. "अन् डोयापुढं काजवे चमकते."

पंचफुलेने सवयीने तिचा हात हातात घेतला. आणि तिची बोटं जागच्या जागी थबकली.

हा हात तिच्या ओळखीचा नव्हता. कडी मनगटावर फिरत नव्हती; मांसात रुतली होती, आणि दोन कड्यांच्या मध्ये कातडी फुगून वर आली होती. तकाकणारी, ताणलेली, मेणचट. तिने अंगठ्याने दाबलं. खळगा पडला. ती वाट पाहत राहिली, आणि खळगा भरेना.

असा हात तिने आयुष्यात एकदा धरला होता.

हिवरा गावची लेक होती ती. बाळंतपणाला माहेरी आलेली. आठव्या महिन्यात पंचफुलेने तिचा हात धरला, नेहमीची बांगडी चढेना, तेव्हा दोन मापं मोठी काढली आणि मोठ्या कौतुकाने म्हणाली, "हात भरला वं बाई तुहा! माहेर मानवलं." घरात सगळ्या हसल्या. भरला हात, भरला चुडा. चार दिवसांनी त्या लेकीला झटके आले. हात खाटेवर आपटले, आपटले, आणि नवा चुडा सगळा तिथेच वाढला. आई आणि पोर, दोघंही गेली. सुजेला तिने भरलेपण म्हटलं होतं. अठ्ठावीस वर्षांत हाताचं माप तिचं एकदाच चुकलं, आणि ते असं चुकलं. ही गोष्ट तिने नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

ती उठली. ओळीतल्या देहांवरून, पायांवरून, वेण्यांवरून वाट काढत दाराशी गेली.

"तिखेबाई! ओ तिखेबाई!"

तिखेबाई व्हरांड्यात खुर्चीवर होत्या. पदराने वारा घालत, अर्धवट झोपेत. त्या आल्या त्या कपाळाला आठी घेऊनच.

"काय झालं?"

"अनसूले दवाखान्यात न्या बाई. मोठ्या दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता."

"डॉक्टर मंगळवारी येते."

"मंगळवारपर्यंत नाही राह्यत ते पोरगी."

"पोटुशीचे हातपाय सुजतेच. मले नको शिकवू. अन् न्यायले पोलीस गार्ड लागते. गार्ड सगळे बंदोबस्ताले गेले. जाय, झोप."

हे सगळं खरं होतं, हीच त्यातली भयंकर गोष्ट. डॉक्टर मंगळवारीच येत. गार्ड खरोखर नव्हते. कुणी वाईट नसताना माणूस मरू शकतं, याची तिथे सगळी व्यवस्था होती. बराकीने मागे एकदा ताटं बडवली होती, पाण्यासाठी. तेव्हा नळ दोन दिवस बंद ठेवला होता. म्हणून आता कुणी ताटाला हात लावला नाही. सगळ्या नुसत्या उठून बसल्या, आणि बहात्तर जणींची नजर त्या गजांकडे लागली.

पंचफुलेने गज सोडले नाहीत. तिखेबाईंनी काठीचं टोक तिच्या बोटांवर मारलं. एकदा. तिने सोडले नाहीत. दुसऱ्यांदा मारायला हात पुढे आला, आणि त्या हातात किणकिण झाली.

ती किणकिण पंचफुला पंधरा दिवसांपासून ऐकत होती. तिखेबाईंच्या लेकीचं नुकतंच लग्न झालं होतं. लग्नाचा चुडा ड्युटीवरही हातात राहिला होता, आणि साहेबांनी डोळेझाक केली होती. चार हिरव्या बांगड्या. माप अडीच. आवाजावरूनच तिने ओळखलं होतं.

गजांतून हात बाहेर काढून तिने तिखेबाईंचा हात धरला.

शिपायाला हात लावणं म्हणजे काय, हे तीन वर्षांच्या कैद्याला सांगावं लागत नाही. पण तिथे एक निराळीच गोष्ट घडली. पंचफुलेने तो हात ओढला नाही, पिळला नाही. तिने तो कासारणीसारखा धरला. तळवा तळव्यावर, अंगठा हाडाच्या मुळाशी. आणि तो जाड, घामट, काठी धरून घट्टे पडलेला हात तिखेबाईंना न विचारता सैल पडला. लहानपणापासून, माहेरच्या ओट्यावर, जत्रेत, मांडवात, लेकीच्या लग्नात, असा कुणी हात धरला की सोडून द्यायचा, हे त्या हाताला ठाऊक होतं. खाकीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. काठी फरशीवर पडली.

करंगळी आत, हाडाला दाब. बांगडी निघाली तेव्हा तिखेबाईंना समजलंही नाही.

"पाहा बाई," पंचफुला म्हणाली. "हे अडीचची. तुमची. मोठ्या बाईची."

बायकांनी अनसूला धरून दाराशी आणलं होतं. पोरीची मान डुगडुगत होती. पंचफुलेने तिचा हात गजांपाशी घेतला, तिखेबाईंच्या डोळ्यांसमोर, आणि ती बांगडी त्या एकोणीस वर्षांच्या काडीसारख्या पोरीच्या बोटांवर चढवली. बोटांवरून गेली. पेरांवर अडली. तिने दाबलं, वळवलं, आयुष्यभराची सारी मृदुता बोटांच्या टोकांत आणून पुन्हा दाबलं.

"नऊ दिवसांआगुदर हा हात सव्वादोनचा होता, बाई. माह्या हातानं कडी भरली म्या."

बांगडी हलेना. सगळी बराक ते पाहत होती. तिखेबाई ते पाहत होत्या. शब्दांवर त्यांचा विश्वास बसला नसता, कैद्याच्या तर नाहीच. पण अडीचची बांगडी त्या पोरीच्या हाताला होत नाही, हे कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागत नाही.

कट्.

काचेचे दोन तुकडे फरशीवर पडले. लेकीच्या लग्नातल्या चुड्याची बांगडी. पंचफुलेने डोळे मिटले आणि गाल पुढे केला. तिला ठाऊक होतं आता काय येणार ते.

काही आलं नाही. मग अगदी हळू, घोगऱ्या, अनोळखी आवाजात तिखेबाई म्हणाल्या, "वाढली."

आणि कमरेची किल्ली काढली.

बंदीच्या वेळात कुलूप उघडलं. असं त्या बराकीत आठवणीत कधी झालं नव्हतं. तिखेबाईंनी अनसूच्या काखेत हात घातला, तिला जवळजवळ उचललं, आणि व्हरांड्यातून ऑफिसच्या दिशेने नेता नेता त्यांचा आवाज चढत गेलेला सगळ्यांनी ऐकला. "गार्ड नसन तर मी जातो साहेब! लिवा माह्या नावावर. पळाली तर मले आत घाला!"

मग फाटकाचा लोखंडी कण्हणारा आवाज. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज. मग काहीच नाही. ऊन पुढे सरकलं होतं, आणि अनसूच्या जागेवर, दोन वितींच्या त्या रिकाम्या फरशीवर, ते एकटंच पसरलं होतं.

त्या बराकीत दोन विती म्हणजे राज्य. पण कुणी तिकडे सरकलं नाही. पाय लांब करता आले असते, उताणं पडता आलं असतं. कुणी पडलं नाही. संध्याकाळी डाळभात आला. गिरजाआजीने एक ताट त्या जागेपुढे ठेवलं, आणि मग स्वतःचं तिलाच हसू आलं, आणि हसता हसता ती रडू लागली.

पंचफुला जेवली नाही. ती आपल्या हातांकडे पाहत बसली. या हातांनी एकदा चूक केली होती. आज केली की नाही, ते तिला कळायचं होतं. उशीर झाला असेल तर? सकाळीच हात का धरला नाही? काल का धरला नाही? काल पाण्यासाठी रांग लागली होती. परवा झडती होती. दोन दिवस धरला नव्हता. ती स्वतःला बोल लावत राहिली, आणि त्या उकाड्यात तिचे हात गार पडले.

शुक्रवार उजाडला. फिकटगुलाबी, मग केशरी, मग पुन्हा तो निर्दय पांढरा. गिनती झाली. एक कमी, म्हणून दोनदा झाली. नळाला धार आली आणि गेली. दहा वाजले, अकरा वाजले, बंदीची घंटा झाली, कुलूप लागलं, आणि तिखेबाई अजून आल्या नव्हत्या.

त्या आल्या साडेबाराला. खाकीवर चुरगळ्या, डोळे तांबारलेले, पायांत धुळीचे थर. ड्युटी संपली होती तरी घरी गेल्या नव्हत्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. सरळ गजांपाशी आल्या आणि दोन्ही हातांनी गज धरून उभ्या राहिल्या. आतल्या बायका जशा धरतात, तशाच.



"दवाखान्याच्या दारातच झटका आला तिले," तिखेबाई म्हणाल्या. "दारात. गाडीतून उतरवलं अन् आला. डॉक्टरीन म्हने, अजून अर्धा घंटा असता तर…" त्यांनी तोंड पुसलं. "पोट कापून काढलं. पोरगी हाये. अनसूनं सकायी डोये उघडले. पंचफुलामावशी कुठं हाये म्हने."

पंचफुला उठली नाही. ती बसल्या जागी पुढे झुकली आणि तिने कपाळ फरशीला टेकवलं. शेजारणींनी तिची पाठ चोळली. तिचा नवरा तीन वर्षांत चारदाच भेटीला आला होता, तेव्हाही ती अशी रडली नव्हती. ओरडून, मोकळं, हुंदक्यामागून हुंदका.

"पोलीस आला तो म्हने खाटेले बेडी लावा," तिखेबाई कुणाला उद्देशून नव्हे, अशा बोलत होत्या. "म्या म्हटलं, टाके पडलेली बाई कुठं पळते बापा? माह्या पायाले लाव." मग, "साहेबानं खुलासा मागवला मले. पाहू."

"केवढी हाये पोरगी?" गिरजाआजीने मागून विचारलं.

"लहान हाये वं आजी. सात महिन्याची. काचेच्या पेटीत ठेवलं तिले."

"केवढी पन?"

तिखेबाईंनी उजवा हात गजांतून आत घातला. अंगठा आणि तर्जनी जुळवली. एक इवलंसं वर्तुळ झालं. हरभऱ्याचा घाटा जेमतेम मावेल एवढं.

"एवढं मनगट."

पंचफुला तेव्हा उठली. पदराने डोळे पुसले, जवळ आली, आणि त्या वर्तुळात डोकावून पाहिलं. कासारणीच्या बारीक, पारखी नजरेने पाहिलं. मग आपला अंगठा, आपली तर्जनी तेवढीच जुळवली. अगदी तेवढीच.

"दाखव," शेजारची म्हणाली.

पंचफुलेने दाखवलं. शेजारणीने आपली बोटं त्याच मापाला जुळवली आणि ती तिच्या शेजारणीकडे वळली. खांद्याला खांदा, गुडघ्याला गुडघा; कुणाला हलावंही लागलं नाही. एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ते मनगट निघालं. कुणी त्यावर फुंकर घातली, कुणी ओठ टेकवले, कुणी नुसतं डोळ्यांशी धरलं. भिंतीपर्यंत गेलं, वळलं, दुसऱ्या ओळीत शिरलं. पोटच्या पोरांना तीन-तीन वर्षं न पाहिलेल्या बायका त्या बोटभर पोकळीत टक लावून बसल्या.

आणि माप हातोहात थोडं थोडं सैल होत गेलं. कुणाचीच बोटं पंचफुलेइतकी नेमकी नव्हती. दहाव्या बाईपाशी पोरगी बारशाला आली. विसाव्या बाईपाशी रांगू लागली. चाळिसाव्या बाईपाशी तिचं मनगट गोबरं झालं होतं. साठाव्या हातात तिने पाटी धरली, सत्तराव्या हातात तिची सासरची माणसं तिला पाहायला आली.

ओळ फिरून पुन्हा दाराशी पोचली. शेवटची होती गिरजाआजी. तिने आपली सुरकुतली बोटं पंचफुलेपुढे धरली.

पंचफुलेने ते वर्तुळ न्याहाळलं. त्यात आपला अंगठा घालून फिरवून पाहिला. भिंतीपलीकडे वारा सुटला होता, आणि गुलमोहराची एक लाल पाकळी कुठून कशी झरोक्यातून आत येऊन गिरकी घेत होती.

"सव्वादोन," ती म्हणाली. आणि बहात्तर जणींनी, दाराच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, जुळलेली बोटं तशीच धरून ठेवली. बंदी उठली तरी, घंटा झाली तरी, ऊन अंगावरून उतरून गेलं तरी.